तोंडातल्या बुरशीवर पेंट, जेल की द्रावण?

'तोंड आलंय, काहीतरी द्या' या एका वाक्यात निदान तीन-चार वेगळे त्रास लपलेले असतात. बुरशीचं औषध त्यातल्या एकालाच लागू पडतं. म्हणून आधी ओळख, मग औषध.

ही बुरशीच आहे का?

गोल, मध्ये पिवळट, कडेला लाल आणि तिखट लागताच डोळ्यांत पाणी आणणारा फोड म्हणजे साधा व्रण. त्यावर बुरशीचं औषध लावून उपयोग नाही. कँडिडा नावाच्या बुरशीचा थर सायीसारखा किंवा फाटलेल्या दह्यासारखा पांढरा असतो. तो जिभेवर, गालांच्या आतून किंवा टाळूवर दिसतो. बोटाला ओलं गॉज गुंडाळून हलकं पुसलं की तो निघतो आणि खाली लालभडक, कधी किंचित रक्ताळलेली जागा दिसते. बाळाच्या जिभेवरचं दूधही पांढरंच दिसतं, पण ते सहज निघतं आणि खालची जीभ गुलाबी असते.

कवळी वापरणाऱ्यांना बुरशी झाली तरी तोंडात बऱ्याचदा पांढरं काहीच नसतं. वरची कवळी काढली की टाळूवर नेमका कवळीच्या आकाराचा लाल डाग दिसतो. तीही बुरशीच. बहुतेकांना तो दुखत नाही, म्हणून लक्षातच येत नाही.

पुसूनही न निघणारा पांढरा चट्टा असेल आणि तंबाखू, मिश्री, गुटखा किंवा सुपारीची सवय असेल, तर आमच्या औषधांच्या दुकानातून औषध नेऊ नका. सरळ दंतवैद्याला दाखवा. तो चट्टा कर्करोगाच्या आधीची पायरी असू शकतो. महिनाभर पेंट लावत बसणं म्हणजे तेवढा वेळ घालवणं.

क्लोट्रिमाझोल माउथ पेंट, १ टक्का

चिठ्ठ्यांवर हे बरंच येतं. मोठ्यांसाठी साधारण १० ते २० थेंब, दिवसातून ३-४ वेळा, जेवणानंतर. आधी साध्या पाण्याने चूळ भरा, मग स्वच्छ बोट किंवा कापसाचा बोळा वापरून प्रत्येक चट्ट्यावर पसरवा. ड्रॉपर तोंडाला लावू नका, नाहीतर लाळेतली बुरशी परत बाटलीत जाते.

इथे एक घोळ नेहमी होतो. क्लोट्रिमाझोलची त्वचेची मलई, पावडर, कानाचे थेंब आणि योनीत ठेवायच्या गोळ्याही मिळतात. कित्येकदा त्या सगळ्यांचं ब्रँडचं नावही तेच असतं आणि कानाच्या थेंबांची बाटली पेंटच्या बाटलीसारखीच छोटी दिसते. काही मलमांत स्टेरॉइडही असतं, ते तोंडात लावलं तर बुरशी आणखी वाढते. नुसतं ब्रँडचं नाव सांगू नका, 'तोंडात लावायचं' असं म्हणा आणि बाटलीवर 'माउथ पेंट' लिहिलंय का ते पाहूनच पैसे द्या.

मायकोनाझोल ओरल जेल, २ टक्के

जेल चिकटून राहतं, हाच त्याचा मोठा गुण. बाळांमध्ये केलेल्या तुलनांत नायस्टॅटिनपेक्षा याने लवकर गुण आलेला दिसतो. मोठ्यांसाठी २.५ मिली, म्हणजे अर्धा चहाचा चमचा, दिवसातून ४ वेळा, जेवणानंतर. लगेच गिळू नका, जिभेने तोंडभर फिरवत जमेल तितका वेळ धरा. कवळी असेल तर ती घासून झाल्यावर टाळूला टेकणाऱ्या बाजूला पातळ थर लावून घालता येते. ओठांच्या कोपऱ्यांतल्या चिरांवरही हे चांगलं चालतं, कारण तिथे बुरशीबरोबर बऱ्याचदा जिवाणूही असतात आणि मायकोनाझोल त्यातल्या काहींना आवरतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लावायचं औषध म्हणून हे निरुपद्रवी समजू नका. गिळलेलं जेल रक्तात उतरतं. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन किंवा एसिनोकुमॅरॉल चालू असेल, तर जेलमुळे तिचा परिणाम वाढून हिरड्यांतून, लघवीतून किंवा पोटात गंभीर रक्तस्राव होऊ शकतो. हृदयाची झडप बदललेल्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं. कोलेस्टेरॉलची सिमव्हास्टॅटिन, फिट्सची फेनिटॉइन आणि मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांबरोबरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. चार महिन्यांखालच्या बाळाला हे द्यायचंच नाही. घट्ट जेलचा गोळा घशात अडकून श्वास कोंडू शकतो. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत ही मर्यादा आणखी पुढे जाते.

नायस्टॅटिन द्रावण, १ मिलीत १ लाख युनिट

हे जुनं औषध १९५० साली अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातल्या दोन संशोधक बायकांनी शोधलं. त्या राज्यावरूनच त्याला नाव मिळालं. ते आतड्यातून रक्तात जवळजवळ जात नाही, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांशी भांडत नाही. जेल चालणार नाही अशांसाठी याबद्दल डॉक्टरांना विचारा.

तोटे दोन. एक, पातळ असल्याने ते तोंडात टिकत नाही. मोठ्यांचा डोस बहुधा ४ ते ६ मिली, दिवसातून ४ वेळा असतो. अर्धा एका गालात, अर्धा दुसऱ्या गालात धरायचा, घोळवायचा आणि मग गिळायचा. एका घोटात संपवलं तर औषध पोटात गेलं, बुरशी तोंडात राहिली. दोन, बऱ्याच द्रावणांत भरपूर साखर असते. मधुमेह्यांनी आणि किडलेल्या दातांच्या मंडळींनी लेबल वाचावं. बाटली दर वेळी हलवा, औषध तळाशी बसतं.

चोखायच्या गोळ्या

क्लोट्रिमाझोल १० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून ५ वेळा, १४ दिवस. ती विरघळायला १५ ते ३० मिनिटं लागतात, त्यानंतर सुमारे तीन तास औषध लाळेत टिकतं. चावून खाल्ली तर हा सगळा फायदा गेला. तोंड कोरडं पडणाऱ्यांना ही विरघळवता येत नाही, लहान मुलांना अडकू शकते. किडनी बदलून टॅक्रोलिमस (नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणूनचं औषध) घेणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये, रक्तातलं टॅक्रोलिमस वाढतं.

घरातली जुनी जाणती माणसं जांभळं औषध, म्हणजे जेन्शन व्हायोलेट, अजून मागतात. बुरशी त्याने मरते, पण तोंड सोलवटू शकतं आणि कपडे कायमचे रंगतात. वरची औषधं असताना आम्ही ते सुचवत नाही.

'लावलं, पण गुण नाही'

बहुतेक वेळा औषध चुकीचं नसतं, ते पुरेसा वेळ टेकलेलं नसतं. लावल्यावर अर्धा तास पाणी, चहा, पान, काही नाही. रात्रीचा डोस दात घासून झाल्यावर अगदी शेवटी घ्या, झोपेत लाळ कमी सुटते.

चट्टे तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसेनासे होतात आणि बाटली कपाटात जाते. बुरशी तेव्हा संपलेली नसते. नायस्टॅटिन चट्टे गेल्यावर आणखी दोन दिवस, मायकोनाझोल आणखी आठवडाभर चालू ठेवायचं.

क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश आणि नायस्टॅटिन एकापाठोपाठ वापरले तर दोन्ही निकामी होतात. मध्ये निदान अर्धा तास जाऊ द्या, शक्यतो उपचार संपेपर्यंत तो माउथवॉश बंदच ठेवा.

कवळीचं अॅक्रिलिक स्पंजासारखं बुरशी धरून ठेवतं. तोंडाला औषध आणि रात्री कवळी तोंडातच, असं केलं तर महिन्याभरात पुन्हा तेच. रात्री कवळी काढा, ब्रशने घासा, भिजत ठेवा.

दम्याचा स्टेरॉइड पंप घेणाऱ्यांनी प्रत्येक वेळी चूळ भरून, गुळणी करून पाणी थुंकायचं आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, वापरायचा. पंप मात्र स्वतःहून बंद करू नका.

बाळासाठी

टाकणखाराची (म्हणजे बोरॅक्सची) लाही मधात कालवून बाळाच्या तोंडाला लावायची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे. कृपया करू नका. टाकणखार बाळाला विषारी आहे, आणि वर्षाखालच्या बाळाला मध दिल्याने बोट्युलिझम हा जिवावरचा आजार होऊ शकतो. बोरोग्लिसरीनही नको, त्यातही बोरॉनच आहे.

बाळाचं औषध आणि डोस बालरोगतज्ज्ञांकडूनच घ्या. नायस्टॅटिन दिलं असेल तर डोस दोन्ही गालांत अर्धा-अर्धा सोडा आणि पुढची ५-१० मिनिटं पाजू नका. जेल दिलं असेल तर थोडं थोडं, बोटाने, जिभेच्या पुढच्या भागात आणि गालांत लावा, घशाकडे नाही. आईच्या स्तनाग्रांना जळजळ किंवा चिरा असतील तर दोघांचा उपचार एकदमच व्हायला हवा, नाहीतर बुरशी एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. दुधाच्या बाटलीचं बूच आणि चोखणी रोज उकळा.

डॉक्टरकडे कधी

आठवड्यात फरक पडला नाही, गिळताना छातीत दुखतं, ताप आहे किंवा बाळ दूध ओढत नाही, तर थांबू नका. मोठ्या माणसाला काही कारण नसताना पुन्हा पुन्हा बुरशी होत असेल, तर रक्तातली साखर तपासून घ्या, डॉक्टर सांगतील तर एचआयव्हीची चाचणीही करा. 'त्यापेक्षा फ्लुकोनाझोलची एक गोळी द्या' असं म्हणू नका. ती चिठ्ठीवरच मिळते, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांशी तिचंही पटत नाही, आणि १५० मिलिग्रॅमचा तो एकच डोस योनीतल्या बुरशीसाठीचा आहे, तोंडासाठीचा नाही.

दुकानात येताना चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा. बाळासाठी हवं असेल तर वय महिन्यांत सांगा.