गावात थंड, महामार्गावर गरम : गाडीचा काटा का चढतो?

‘गाडी गरम होते’ एवढ्यावर निदान होत नाही. गॅरेजमध्ये आमचा पहिला प्रश्न असतो, कधी गरम होते? सिग्नलला उभी असताना तापमानाचा काटा चढत असेल आणि गाडी धावू लागली की उतरत असेल, तर दोष बहुधा पंख्याचा, तो चालू-बंद करणाऱ्या रिलेचा किंवा तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा. पण गावात काटा जागचा हलत नाही आणि समृद्धी महामार्गावर १२०ने अर्धा तास गेल्यावर चढू लागतो, तर नवा पंखा बसवून काही होणार नाही. त्या वेगाला समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो.

मग वेगातच का? वारा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ८०वरून १२०ला गेलात की ती दीडपट नव्हे, तिपटीहून जास्त होते आणि उष्णताही बरीच वाढते. अर्धवट तुंबलेला रेडिएटर गावातल्या फेऱ्या निभावून नेतो; इथे त्याचे पितळ उघडे पडते.

आम्ही काय, कोणत्या क्रमाने तपासतो

आधी फुकटातले. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत धूळ, किडे, कापूस यांचा थर बसतो, समोरून तो दिसतही नाही. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला साध्या नळाचे पाणी मारावे. सर्व्हिसिंगचा जोराचा फवारा जवळून मारला तर पत्र्याच्या बारीक पट्ट्या दुमडतात. बंपरचे काम झाल्यावर आतली प्लास्टिकची आडणी किंवा इंजिनाखालचा पत्रा परत बसवला होता का, हेही पाहतो. ती नसली की वारा रेडिएटरमधून न जाता बाजूने निसटतो. जाळीपुढे लावलेले जादा दिवेही वारा अडवतात.

नंतर रेडिएटरचे किंवा कूलंटच्या टाकीचे झाकण. त्यावर ०.९ किंवा १.१ असा बारमधला (दाबाचे एकक) आकडा असतो. १.१ बार दाब टिकला तर साधे पाणीसुद्धा साधारण १२१ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर चिरलेले असेल तर १००लाच उकळते. हातपंपाने यंत्रणेत दाब भरून तो दहा-पंधरा मिनिटे टिकतो का, हे बघितले की गळतीही कळते.

बोअरचे पाणी ओतत राहिलेल्या गाड्यांत क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या बुजतात. इंजिन तापवून रेडिएटरवर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवला की तापमान एका टोकाकडून दुसरीकडे हळूहळू उतरायला हवे. मध्येच थंड पट्टा लागला, तर तिथून पाणी फिरत नाही. ॲल्युमिनियमचा गाभा आणि प्लास्टिकच्या टाक्या असलेला रेडिएटर असा बुजला, तर साफ करत बसण्यापेक्षा बदलणे बरे. त्यानंतर डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे.

खालचा होज पाइप फार जण तपासत नाहीत. पंप त्यातून पाणी ओढतो. पाइप मऊ पडला असेल किंवा आतली स्प्रिंग गंजली असेल, तर इंजिनाचे फेरे मिनिटाला ३०००वर गेले की तो चपटा होतो. इंजिन मंद फिरताना सगळे ठीक दिसते. पंपाचेही तसेच: पाती गंजून झिजली, किंवा प्लास्टिकचा इम्पेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) दांड्यावर सैल झाला, की गळती न होताही पाणी पुरेसे ढकलले जात नाही.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, भांड्यातल्या पाण्यात टांगून तापवतो. त्यावर ८२ किंवा ८८ असे लिहिलेले असते. त्या अंशाला तो उघडू लागावा आणि पुढच्या दहा-बारा अंशांत पूर्ण उघडावा. तो काढून टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो. कृपया ऐकू नका. बऱ्याच इंजिनांत उघडताना तोच बायपासचा रस्ता बंद करतो. तो नसेल तर पाण्याचा एक भाग रेडिएटर टाळून थेट इंजिनात परततो. महामार्गावर त्याने गाडी उलट जास्त तापू शकते आणि एरवी इंजिन थंड राहून पेट्रोल जास्त जाते.

हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधल्या पट्टीचा, संशय शेवटी. थंड इंजिन सुरू करून दोन-तीन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक झाला, कूलंटच्या टाकीत बुडबुडे येत राहिले, गळती नसताना कूलंट घटले, तर आम्ही टाकीतली हवा निळ्या रसायनातून नेतो. ते पिवळे पडले, तर धुराचे वायू पाण्यात शिरत आहेत. हेड खोलण्याचा खर्च ही खूण दिसल्याशिवाय मान्य करू नका.

वाटेत काटा चढला तर

एसी बंद, हीटर आणि त्याचा ब्लोअर पूर्ण चालू, वेग कमी. हीटरमुळे थोडी उष्णता आत निघते. घाम येईल, पण इंजिन वाचेल. वाफ दिसली किंवा काटा लाल पट्ट्यात गेला, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. झाकणाला किमान पाऊण तास हात लावू नका. तापलेल्या इंजिनावर किंवा आत गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. अनेक गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो, म्हणून तो हलला तेव्हा तापमान आधीच बरेच वर गेलेले असते. ‘थोडाच चढलाय’ म्हणून पुढचा टोलनाका गाठायला जाऊ नका.

गाडी आणताना वेग, एसी चालू होता का, किती मिनिटांनी काटा चढला आणि याआधी केव्हा, किती लिटर पाणी घातले, हे लिहून आणा. शक्यतो आदल्या संध्याकाळी गाडी सोडा. झाकण आणि कूलंट आम्हाला इंजिन थंड असताना, सकाळी सुरू करण्याआधी पाहायचे असते.