रंधा मशीनच्या पोटातलं फिरतं चुंबक

परभणीत आमच्या गल्लीतल्या सुतारमामांनी जुन्या बाजारातून रंधा मशीन आणलं. मोटर दोन एचपीची, पाटीवर ४१५ व्होल्ट, थ्री फेज. घरचं मीटर मात्र सिंगल फेजचं. "थ्री फेज घ्यायचं म्हणजे तिप्पट बिल की ओ," मामा म्हणाले. हा समज आपल्याकडे गावोगाव आहे आणि तो चूक आहे. स्थिर आकार जास्त लागतो हे खरं, पण तेवढ्याच लाकडावर रंधा मारला तर युनिटं जवळपास तेवढीच पडतात.

तीन फेजचं खरं मोल मोटरच्या आत आहे. सिंगल फेजचं चुंबकत्व ताकातल्या रवीसारखं असतं: इकडे, तिकडे, पुन्हा इकडे, सेकंदाला ५० वेळा. त्यातून एकाच दिशेला फिरायची सुरुवात होत नाही. म्हणून घरच्या पंख्याला कंडेन्सर लागतो. थ्री फेज मोटरमध्ये तीन वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, एकमेकींपासून १२० अंशांवर बसवलेली असतात आणि त्यांतले प्रवाहही तेवढ्याच अंतराने मागेपुढे चालतात. जात्याभोवती तिघीजणी बसल्या आहेत असं समजा. खुंटा जिच्यासमोर येतो तिचा जोर भरात, मागचीचा ओसरत चाललेला, पुढचीचा चढत असलेला. जातं कुठेच अडखळत नाही.

हिशेब करून पाहा. पहिल्या वाइंडिंगचा जोर १ असतो, त्या क्षणी उरलेल्या दोघींत उलट दिशेने अर्धा-अर्धा प्रवाह असतो. त्या १२० अंशांवर असल्याने त्यांचा पाव-पाव वाटा पहिलीच्याच दिशेने पडतो. बेरीज दीड. पुढच्या कुठल्याही क्षणी मांडा, बेरीज दीडच येते, फक्त दिशा थोडी पुढे सरकलेली असते. तिन्ही वाइंडिंग जागच्या जागी, आणि चुंबक मात्र गरागरा फिरतंय! रोटरला, म्हणजे मोटरच्या आतल्या फिरत्या भागाला, तर बाहेरून एकही तार जोडलेली नसते. फिरतं क्षेत्र त्याच्या सळयांमध्ये स्वतःच प्रवाह निर्माण करतं आणि त्याला ओढत नेतं. चार पोलच्या, म्हणजे चार चुंबकीय ध्रुवांच्या, मोटरमध्ये क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेतं, रोटर साधारण १४४०. दोघांचा वेग सारखा झाला तर सळयांत प्रवाहच उरणार नाही. १८८९ साली दोलिव्हो-दोब्रोव्होल्स्की या इंजिनियरने अशी तीन फेजची मोटर बनवली. आजच्या मोटरचं तत्त्व तेच आहे.

नवं मशीन उलटं फिरलं की काही जण नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधतात. दसऱ्याला यंत्राची पूजा जरूर करावी, पण उलटं फिरणं म्हणजे फेजांचा क्रम चुकणं. तीनपैकी कुठल्याही दोन तारा अदलाबदल केल्या की मशीन सुलट फिरतं.

घरच्या एका फेजवर अशी मोटर चालवायला ड्राइव्ह, म्हणजे व्हीएफडी नावाचं उपकरण लागतं. तो २३० व्होल्टचा एसी (उलटसुलट वाहणारा प्रवाह) घेऊन सुमारे ३२५ व्होल्टचा डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) करतो आणि सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून त्यातून तीन फेज घडवतो. पण त्याच्या दोन फेजांमध्ये २३० व्होल्टच मिळतात. मामांच्या मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडला तर आत सहा टोकं, तीन एका पट्टीने बांधलेली: स्टार जोडणी. ४१५ ला १.७३ ने भागलं की २४०, म्हणजे प्रत्येक वाइंडिंग मुळात २४० व्होल्टचंच. पट्ट्या बदलून डेल्टा, म्हणजे तिन्ही वाइंडिंगची त्रिकोणी जोडणी केली आणि काम झालं. स्टारच ठेवलं असतं तर जोर तिसऱ्या हिश्शावर आला असता. बॉक्समध्ये तीनच तारा असतील तर मात्र रिवाइंडिंगवाल्याकडून आतला सांधा सोडवून घ्यावा लागतो.

ड्राइव्ह वेग हळूहळू चढवतो, त्यामुळे सुरुवातीचा जबर झटका बसत नाही. मशीन सुरू झालं तेव्हा स्वयंपाकघरातला बल्ब मिणमिणलाही नाही. तरी ड्राइव्ह पंधराएक अँपिअर ओढू शकतो, म्हणून मेन बोर्डापासून स्वतंत्र जाड वायर हवी. बंद केल्यावरही आतल्या कंडेन्सरमध्ये काही मिनिटं विजेचा जीवघेणा दाब राहतो, झाकण लगेच उघडू नका. आणि अर्थिंग! आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते आणि अर्थिंग निकामी होत जातं. मामा आता तुळशीला पाणी घालताना एक बादली अर्थिंगच्या खड्ड्यातही ओततात.