प्रेषणमालेतील आवाज (हलके मालवाहू ट्रक)

क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागे जाणारा लांब दांडा), डिफरन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) आणि अ‍ॅक्सल शाफ्ट या क्रमाने एंजिनाची शक्ती मागच्या चाकांकडे नेणाऱ्या मालेतून, भाग झिजल्याने, सैल पडल्याने किंवा चुकीच्या कोनात बसल्याने उठणारे आवाज. येथील विवेचन पुढे एंजिन, मागे चालक अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या स्प्रिंगा या रचनेला धरून आहे. १९८६ मध्ये आलेला टाटा ४०७ हे तिचे परिचित उदाहरण.

आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो, हे निदानासाठी अधिक भरवशाचे. ‘घरघर’ हा एकच शब्द चालक तीन वेगळ्या बिघाडांसाठी वापरतो. सपाट, सरळ रस्त्यावर एकाच वेगाला चार अवस्था तपासाव्यात : अ‍ॅक्सिलरेटरवर ओढ असताना, वेग स्थिर असताना, पाय काढल्यावर गिअरमध्येच गाडीचा वेग उतरत असताना आणि न्यूट्रलमध्ये. ओढीने ज्याच्यात काहीच फरक पडत नाही पण डांबर बदलले की जो बदलतो, तो आवाज बहुधा टायरचा असतो.

क्लच व गिअरबॉक्स : गाडी उभी, एंजिन चालू ठेवून ही तपासणी करतात. क्लचचे पेडल दाबल्यावर आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारे). पेडल सोडल्यावर न्यूट्रलमध्ये येणारा आवाज दाबताच थांबला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे (क्लचकडून शक्ती आत आणणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग किंवा आतील दात. पेडल दाबून गिअर टाकलेला असतानाच आवाज आला तर पायलट बेअरिंग (क्रँकशाफ्टच्या टोकात इनपुट शाफ्टला आधार देणारे), कारण क्रँकशाफ्ट फिरतो आणि इनपुट शाफ्ट थांबलेला असतो. इतर गिअरमध्ये येणारा आवाज थेट गिअरमध्ये (इनपुट व आउटपुट शाफ्ट सरळ जोडले जातात तेव्हा) मंदावला, तर संशय काउंटर शाफ्टवर (त्यांना समांतर असलेल्या, गिअर वाहणाऱ्या दांड्यावर) घ्यावा. थेट गिअरमध्ये त्याच्यावरून भार जात नाही.

प्रोपेलर शाफ्टचा सांधा : कोनात असलेल्या दोन शाफ्टांना जोडणाऱ्या, कारागीर ज्याला ‘क्रॉस’ म्हणतात त्या युनिव्हर्सल सांध्याचे जनकत्व वादाचे आहे. युरोपात तो इटालियन विद्वान कार्दानो (१५०१–१५७६) यांच्या नावाने ओळखला जातो, इंग्रजी परंपरेत इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांच्या. कार्दानो यांच्या लेखनात एकात एक टांगलेल्या कड्यांची रचना आहे, आणि तीही त्यांच्याआधीची. शक्तिवहनाचा सांधा त्यांनी प्रत्यक्ष बनवल्याचे मानण्यास आधार तोकडा आहे. जर्मन विद्वान गास्पार शॉट यांनी १६६४ मध्ये सांध्याचे वर्णन केले, मात्र दोन्ही बाजूंचा वेग समान राहतो असे गृहीत धरले. ही समजूत १६६७ ते १६७५ च्या सुमारास हुक यांच्या अभ्यासाने मागे पडली. आवाजाच्या दृष्टीने हेच विश्लेषण महत्त्वाचे असल्याने हुक यांचे नाव अधिक सयुक्तिक वाटते.

एकसारख्या वेगाने फिरवलेल्या सांध्याच्या पलीकडचा शाफ्ट प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावतो व दोनदा मागे रेंगाळतो. वेगाचे गुणोत्तर दोन शाफ्टांमधील कोनाची कोज्या आणि तिचा व्यस्त यांच्यामध्ये हेलकावते : ३ अंशांना सुमारे ०.१४ टक्के, १० अंशांना सुमारे १.५ टक्के. दुसऱ्या टोकाच्या सांध्याने हा चढउतार भरून काढायचा, तर शाफ्टच्या टोकांचे दोन्ही यॉक (सांधा धरणारी दुबेळकी) एका रेषेत आणि दोन्ही कोन समान हवेत. स्लिप यॉक (दातांवर मागेपुढे सरकणारा यॉक) सुटा केल्यावर खुणा न जुळवता, एक-दोन दात चुकवून बसवला की नव्या क्रॉसनेही थरथर जात नाही. उघडण्यापूर्वी खूण करावी. जादा मालासाठी पाटे वाढवल्याने कोन मोठे होतात. पाट्याखालची पाचर उलटी बसली किंवा यू-बोल्ट सैल पडले, तर पिनियनचे (शाफ्टने फिरणाऱ्या डिफरन्शियलच्या लहान गिअरचे) तोंड कलून दोन कोनांतला मेळ तुटतो.

कोरडा पडलेला क्रॉस प्रथम कमी वेगात तालबद्ध ‘चूं-चूं’ करतो, त्याच्या टोकांवरील कपांभोवती तांबडी भुकटी दिसते. पुढे गिअर पडताना ‘खट्ट’ होते. ग्रीस चारही कपांतून बाहेर येईपर्यंत भरावे. निघतानाच हादरा बसत असेल तर सेंटर बेअरिंगचे (लांब शाफ्टला मध्यावर आधार देणाऱ्या बेअरिंगचे) रबर फाटलेले असू शकते.

वारंवारता : टायरचा परिघ सुमारे २.४ मी. धरल्यास ताशी ६० किमी वेगाला चाक सेकंदाला ७ फेऱ्या घेते. क्राउनला (पिनियन ज्याला फिरवतो त्या मोठ्या गिअरला) ४१ व पिनियनला ८ दात असल्यास शाफ्ट सुमारे ३६ फेऱ्या घेतो. तोल गेलेला शाफ्ट ३६ हर्ट्‌झला, कोन बिघडलेला ७२ हर्ट्‌झला हादरतो, तर दातांची शीळ २८७ हर्ट्‌झला येते. पहिले दोन अंगाला जाणवतात, तिसरी कानाला.

डिफरन्शियल : फक्त ओढीवर किंवा फक्त पाय काढल्यावर येणारी शीळ क्राउन-पिनियनच्या दातांची, दोन्हीकडे येणारी खरखर पिनियन बेअरिंगची, केवळ वळणावर येणारा आवाज आतल्या लहान गिअरांचा. उजवे वळण घेताना भार डाव्या चाकावर जातो. तेव्हा गुरगुर वाढली तर डावे हब बेअरिंग (चाकाच्या मध्यातील) पाहावे. दातांतील मोकळीक हलक्या ट्रकमध्ये साधारण ०.१५ ते ०.२५ मिमी असते, मात्र निर्मात्याचाच आकडा प्रमाण. ती घड्याळी मापकाने क्राउनवर चार ठिकाणी मोजतात आणि दातांना रंग लावून स्पर्शखूण तपासतात. क्राउन व पिनियन जोडीनेच बदलावेत. जुन्यावर नवा बसवल्यास शीळ हमखास येते.

तेल : क्राउन-पिनियनच्या हायपॉइड (एकमेकांवर घसरत फिरणाऱ्या वक्र) दातांना जीएल-५ श्रेणीचे, जड दाब सोसणारे गिअर तेल लागते. तेच गिअरबॉक्समध्ये ओतल्यास त्यातील गंधकयुक्त घटक पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर जुळण्याआधी वेग समान करणाऱ्या कड्यांना) झिजवू शकतात आणि गिअर टाकताना खरवडल्याचा आवाज येऊ लागतो. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडे मऊ लुकण आढळणे स्वाभाविक. बोटाला टोचणारे कपचे आढळल्यास हौसिंग उघडावे.