गोदावरीच्या गाळाचा सीटी स्कॅन

नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की नाशकात सगळे म्हणतात, गंगेला, म्हणजे गोदावरीला, मोठा पूर आलाय. पाणी ओसरलं की गोदाकाठच्या दुकानांतून खराटे फिरतात. काळसर, साबणासारखा बुळबुळीत गाळ पुन्हा नदीत लोटला जातो. बोटांत चोळून पाहा, कण लागतच नाही. सह्याद्रीचा बेसॉल्ट झिजून झालेली ही माती. हल्ली बरीचशी धरणांत अडकते, पण हजारो वर्षं ती १४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागरात बसत आली.

त्याच बाजूच्या खोल समुद्रात, कृष्णा-गोदावरी खोऱ्यात, २०१५ साली जपानचं ‘चिक्यू’ हे २१० मीटर लांबीचं जहाज तळ खोदत होतं. शोध होता गॅस हायड्रेटचा, म्हणजे बर्फात कोंडलेल्या मिथेनचा. या जहाजाच्या प्रयोगशाळेत चक्क सीटी स्कॅनचं यंत्र आहे, दवाखान्यात असतं तसंच.

तळातून गाळाची लांबलचक कांडी प्लास्टिकच्या नळीत वर येते. तिला कोअर म्हणतात. तिचे साधारण दीड-दीड मीटरचे तुकडे करतात. बाहेरून दिसतो नुसता चिखल, आणि नळी चिरली की आतली नाजूक रचना विस्कटायची भीती. म्हणून चिरण्याआधीच तुकडा यंत्रात सरकवतात. क्ष-किरण चहूबाजूंनी फिरतात आणि संगणक आतले काप जुळवून चित्र उभं करतो. क्ष-किरण किती अडतात, याच्या मोजपट्टीवर पाणी शून्य, हवा उणे १०००. जितकं घट्ट, तितकं उजळ. शिंपला पांढरा चमकतो, किड्यांनी पोखरलेली बिळं वेगळी उठून दिसतात, भेगा काळ्या.

हायड्रेटच्या बाबतीत तर ही नजर फारच मोलाची. २००६ मध्ये याच खोऱ्यात एका ठिकाणी चिकणमातीच्या भेगांमध्ये ते भरलेलं सापडलं होतं. पण वर येताना दाब घटतो, ऊब लागते आणि ते विरघळू लागतं. एक घनमीटर हायड्रेटमधून सुमारे १६४ घनमीटर वायू सुटतो, आणि गाळ आतून फाटतो.

म्हणून स्कॅन किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत लांबवून चालत नाही. कणांमधलं पाणी आणि जिवाणू तपासायला कोअरचा अख्खा तुकडा लगेच कापावा लागतो, आणि पाणी पिळून काढल्यावर त्यातले थर कायमचे जातात. कुठला तुकडा कापायचा आणि कुठला जपायचा, हे चित्र बघून ठरतं. मला या कामातला सर्वांत सुंदर क्षण हाच वाटतो. सुरी लावण्याआधी गाळाला नीट पाहून घेणं.

२००६ च्या त्याच मोहिमेत गोदावरीच्या मुखासमोरून काढलेल्या एका कोअरमधून पुढे मातीच्या धुपेचा हजारो वर्षांचा इतिहास वाचला गेला. पावसाळा क्षीण होत गेला तशी धूप वाढली, आणि दख्खनवर शेती पसरल्यावर आणखीच. त्र्यंबकच्या डोंगरापासून खाली, आपल्याच शिवारांतून गेलेली माती.