मंडई, डेरा आणि १७ नंबरचा फॉर्म: ग्रामीण विदर्भातल्या तृतीयपंथी मेळाव्यांची पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावी मंडप टाकून तृतीयपंथीयांचा मेळावा भरवायचा, रक्त तपासायचं, समाजकल्याण खात्याच्या माणसाने योजना सांगायच्या, दुपारी जेवण आणि मग नाचगाणी, हा बेत विदर्भात आता तसा नवा नाही. नवं त्यात एवढंच, की त्याला सरकारी बॅनर लागतं. एकत्र येणं या समाजाला कुणी बाहेरून शिकवलेलं नाही.

डेऱ्यांची, म्हणजे गुरूच्या आश्रयाने एकत्र राहणाऱ्या घराण्यांची, पद्धत जुनी आहे. नानगुरू (गुरूची गुरू), गुरू, चेले अशी उतरंड असते आणि कोणी कोणत्या गावांत बधाई, म्हणजे लग्न-बारशाला आशीर्वाद देऊन मिळणारे पैसे, मागायची ते ठरलेलं असतं. एखादी जुनी गुरू वारली की तिच्या नावाने 'रोटी', म्हणजे समाजाचं जेवण, होते. मोठ्या संमेलनांना परराज्यांतले डेरेही येतात. गावातून कलशयात्रा निघते, ती लोकांना दिसते. आत हद्दीचे तंटे मिटतात, दंड बसतो, नव्या चेल्याची ओळख करून दिली जाते. ढोलकीचा ठेका, बधाईची गाणी, कुणाला सलाम आधी करायचा, हे सगळं शिक्षणच. फक्त त्याचा दाखला मिळत नाही.

डेऱ्यापर्यंत न पोहोचलेल्यांची गोष्ट वेगळी. पूर्व विदर्भात, झाडीपट्टीत, दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे छोटी जत्रा, भरते आणि रात्रभर दंडार नाहीतर खडी गंमत ही लोकनाट्यं चालतात. त्यात लुगडं नेसून, पायात घुंगरू बांधून नाचणारा पुरुषच असायचा. खडी गंमतीत त्याला नाच्याच म्हणतात. प्रत्येक नाच्या तृतीयपंथी होता असं म्हणणं चुकीचं ठरेल. बहुतेक जण सकाळी धानाच्या बांधीत कामाला जाणारे संसारी गडी होते. पण ज्या पोराला मनातून लुगडंच हवं होतं, त्याच्यासाठी अख्ख्या गावात तेवढीच एक जागा होती, जिथे माराऐवजी बिदागी मिळे. मंडई उठली की तोच पोरगा चेष्टेचा विषय. मग कुणी नागपूरची गाडी धरायचं, कुणी इटारसीकडे जायचं.

सरकारचं नातं आधी संशयाचं होतं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात हिजड्यांची नोंदवही ठेवायची आणि बायकी वेशात चारचौघांत दिसल्यास अटक करायची तरतूद होती. तो भाग राबवला गेला तो मुख्यतः उत्तरेत. पुढे कितीतरी वर्षांनी सरकार पुन्हा जवळ आलं ते एचआयव्हीमुळे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा तिसरा टप्पा २००७ मध्ये सुरू झाला, तेव्हा तृतीयपंथीयांना पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांच्याच रकान्यात मोजत. या कामाचं विदर्भातलं ठाणं नागपूर. सारथी ट्रस्टसारख्या संस्था तिथे उभ्या राहिल्या. कागदावर उद्देश निरोध आणि तपासणीचा. प्रत्यक्षात तिथल्या खोलीत एक मोठा आरसा आणि एक सतरंजी असली, की बाहेरगावाहून आलेली मुलं पिशवीतली साडी काढून नेसायची, वाढदिवस करायची, संध्याकाळी पुन्हा शर्ट-पँट चढवून शेवटची एसटी गाठायची. आजच्या मेळाव्यांचं बीज मला रक्ततपासणीपेक्षा त्या सतरंजीवर जास्त दिसतं.

१५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात तृतीयपंथी ओळख मान्य केली आणि बैठकांचा विषय पालटला. २०१८ मध्ये नागपूरच्या लोकअदालतीत तृतीयपंथी कार्यकर्त्या विद्या कांबळे पॅनेलवर बसल्या. तृतीयपंथीयांच्या हक्कांचा २०१९ चा कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला, त्याच वर्षी राज्याचं तृतीयपंथी कल्याण मंडळही आलं. २०२१ च्या जानेवारीतल्या निवडणुकीत शेजारच्या जळगाव जिल्ह्यात भादली ग्रामपंचायतीला तृतीयपंथी अंजली पाटील यांचा महिला म्हणून भरलेला अर्ज बाद झाला होता. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना महिला म्हणून लढू दिलं आणि त्या निवडूनही आल्या. खेड्यातल्या पोरींना दिल्लीच्या निकालापेक्षा ही बातमी लवकर कळली असणार, ग्रामपंचायत सगळ्यांनाच ठाऊक असते.

त्यानंतरच्या मेळाव्यांत कागदांचं टेबल आलं. प्रतिज्ञापत्र करायचं, पोर्टलवर अर्ज भरायचा, जिल्हाधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र आणि ओळखपत्र घ्यायचं. अर्ज ऑनलाइन असला तरी अडलं की जिल्ह्याला जावंच लागतं, आणि सिरोंच्याहून गडचिरोली दोनशेच्या आसपास किलोमीटर आहे.

शिक्षणाचं घोडं मात्र तिथेच अडलंय. २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या 'इतर' रकान्यात महाराष्ट्रात ४०,८९१ जण होते. देशभरात या रकान्यातली साक्षरता ५६ टक्के, सगळ्या लोकसंख्येची ७४ च्या आसपास. शाळा सुटते ती बहुधा सातवी-आठवीत, आवाज फुटायच्या वयात. दहावीला बाहेरून बसायला १७ नंबरचा फॉर्म आहे, पण त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. मूळ दाखला घरी राहिलेला असतो, त्यावर जुनं नाव असतं, आणि दुसरी प्रत हवी तर ज्या गावातून निघून गेलो त्याच गावच्या शाळेत जाऊन मागावी लागते. म्हणून आताच्या मेळाव्यांत वकिलाइतकीच गरज असते ती शाळेत सोबत येऊन हेडमास्तरांशी बोलणाऱ्या माणसाची. शिवाय गुरूची परवानगी हवी. चेली अभ्यासाला बसली तर त्या दिवसाची मंगती, म्हणजे मागून मिळणारी कमाई, बुडते आणि तो हिशेब डेऱ्यालाच भरून काढावा लागतो.