भोंगा कधी वाजवायचा? लिंक्सवरच्या वाऱ्याची पार्श्वभूमी

१८ जुलै २०१५, शनिवार. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या समुद्रकाठच्या मैदानावर ओपन या गोल्फ स्पर्धेची दुसरी फेरी आदल्या दिवशीच्या पावसाने अर्धवट राहिली होती. सकाळी ७ वाजता ती पुढे सुरू झाली आणि ७ वाजून ३२ मिनिटांनी वाऱ्यामुळे खेळ थांबवायचा भोंगा वाजला. त्यानंतरचा फटका बसला थेट संध्याकाळी ६ वाजता. रविवारचा निकाल सोमवारवर गेला. असं याआधी १९८८ मध्ये झालं होतं, पण तेव्हा कारण पावसाचं होतं.

वाद आजही त्या ३२ मिनिटांचाच आहे. अकराव्या होलचं ग्रीन, म्हणजे होलभोवतीचा खुरट्या गवताचा भाग, खाडीच्या काठाला, उघड्यावर आणि चांगलंच उतरतं. खेळाडू चेंडू ठेवतो, त्याच्या जागेची खूण उचलतो, पटर (ग्रीनवर चेंडू ढकलायची काठी) मागे टेकवायला जातो आणि चेंडू थरथरायला लागतो. क्षणभर थांबतो, पुन्हा हलतो आणि झुळूक वाढली की उताराला लागतो. खेळाडूंचं म्हणणं असं की सुरुवातच करायला नको होती. आयोजक म्हणाले, पहाटे पाहिलं तेव्हा चेंडू जागेवर राहत होते, वारा नंतर वाढला. दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात. पण घसरलेल्या चेंडूची किंमत मात्र खेळाडूच्या कार्डावर लागली.

कारण खेळ ‘स्थगित’ झाला होता, ‘रद्द’ नव्हे. बातम्यांत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात, आणि सगळा घोळ तिथेच आहे. स्थगित म्हणजे घड्याळ थांबलं. झालेले फटके कायम. रद्द म्हणजे त्या फेरीतले तोवरचे फटके पुसले, सगळे पुन्हा सुरुवातीच्या फटक्यावर. २०१२च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडमधल्या हॉयलेकला महिलांच्या ब्रिटिश ओपनमध्ये नेमकं हेच घडलं. शुक्रवारी सकाळी खेळ सुरू झाला, वाऱ्याने टीवरचे (पहिल्या फटक्यासाठी खुंटीवर ठेवलेले) चेंडूही पडू लागले, आणि झालेला खेळ धरलाच नाही. शेवटी रविवारी एकाच दिवसात ३६ होल, म्हणजे दोन फेऱ्या, खेळवावे लागले. विजेतीने ९ फटके कमी घेऊन बाजी मारली. त्या सकाळी ज्यांचे आकडे बिघडले होते त्यांची सुटका झाली. झुंजून चांगलं खेळलेल्या असतील तर त्यांच्या पदरी काहीच पडलं नाही. तरीही माझ्या मते हॉयलेकचा निर्णय अधिक सरळ होता. सुरू करण्यातच चूक झाली असेल, तर तिचं ओझं निम्म्याच खेळाडूंनी का वाहायचं?

वारा काही नवा नाही. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधल्या वाळूच्या पट्ट्यावर ना झाडं ना आडोसा. लिंक्स म्हणतात ते यालाच. १९३८ च्या ओपनमध्ये इंग्लंडमधल्या सँडविचला शेवटच्या दिवशी प्रदर्शनाचा भलामोठा तंबू वादळाने फाडला, पण खेळ चालू राहिला आणि विजेत्याने त्या दिवशीच्या दोन फेऱ्या ७५ आणि ७८ फटक्यांत पूर्ण केल्या. २००२ च्या ओपनमध्ये स्कॉटलंडमधल्या म्यूरफिल्डला शनिवारच्या वाऱ्या-पावसात त्या काळच्या अव्वल खेळाडूचे एका फेरीत ८१ फटके झाले. तेव्हाही भोंगा वाजला नाही.

मग आताच का वाजतो? उत्तर गवत कापण्याच्या यंत्रात आहे. ग्रीनचा वेग मोजायची खाचेची पट्टी १९३० च्या दशकात निघाली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस मैदान राखणाऱ्यांच्या हाती सर्रास आली. पट्टी तिरकी केली की चेंडू घरंगळतो. तो किती फूट गेला, तो ग्रीनचा वेग. आकडा हाती आला आणि स्पर्धा लागली. जितकं गवत खुरटं, तितका चेंडूला आधार कमी. आता लिंक्सवर मोठ्या स्पर्धेआधी ग्रीन मुद्दाम थोडं हळू ठेवतात, साधारण १० फुटांच्या आसपास, कारण अंतर्भागातल्या मैदानांसारखं १२-१३ वर नेलं तर दमदार वाऱ्यात खेळच होणार नाही. २०१० मध्ये याच सेंट अँड्र्यूजला वाऱ्यामुळे तासाभराहून थोडा अधिक वेळ खेळ थांबला होता. म्हणजे २०१५च्या आधी धडा मिळालेला होता.

नियमही मागून धावत आले. २०१२ पूर्वी खेळाडूने पवित्रा घेतल्यावर चेंडू वाऱ्याने हलला तरी दंडाचा एक फटका त्याच्याच माथी. त्या वर्षी सूट मिळाली, पण खेळाडूने तो हलवला नाही याची जवळपास खात्री पटली तरच. २०१६ मध्ये ‘हलला म्हणजे यानेच हलवला’ हे गृहीतकच काढून टाकलं. २०१९ पासून ग्रीनवर एकदा उचलून परत ठेवलेला चेंडू वाऱ्याने गेला, तर तो मूळ जागी आणून ठेवायचा, दंड नाही. पण अजून न उचललेला चेंडू वाऱ्याने हलला, तर तो जाईल तिथूनच खेळायचा. त्यामुळे ग्रीनवर पोचल्यावर धावत जाऊन खूण करून चेंडू उचलणारे खेळाडू दिसतात, ते उगाच नव्हे.

आणि परत ठेवलेला चेंडू टिकलाच नाही तर? पुन्हा एकदा ठेवून बघायचा. तरीही नाही राहिला, तर होलच्या जवळ न जाता तो जिथे थांबेल अशी सगळ्यात जवळची जागा शोधायची. अकराव्यासारख्या ग्रीनवर, ताशी ४० मैलांच्या झोतात, अशी जागा शोधायलाच बराच वेळ जातो.