खुरासान न पाहिलेली चिंच

पावसाळ्यात इंदूरचं मराठी घर एकदा तरी मांडवला जातंच. मांडव म्हणजे मांडू. जहाज महालाच्या वाटेवर हातगाड्यांवर मखमली लव असलेली, हिरवट-करडी, नारळाएवढी फळं मांडलेली असतात. ‘खुरासानी इमली है,’ गाडीवाली सांगते. आत्यानं यंदा एक घेतलं आणि घरी बत्त्यानं फोडलं. आत रसाचा थेंब नाही. खडूसारखे ठिसूळ पांढरे तुकडे, लालसर दोऱ्यांत अडकलेले. तोंडात टाकला की आंबट पीठ विरघळतं आणि जिभेवर तपकिरी बी उरते.

हीच आपली गोरखचिंच. चिंचेशी तिचं नातं आंबटपणापुरतं, कूळ काटेसावरीचं. आणि खुरासान? ते इराणच्या ईशान्येला. तिथे हे झाड होतच नाही, ते आफ्रिकेचं. गंमत म्हणजे चटणीच्या कारळ्यालाही मराठीत खुरासणी म्हणतात, आणि कारळं मूळचं इथिओपियाचं! माझा अंदाज असा की परदेशी मालाला बाजारात एकच ठसा बसला असावा.

युरोपलाही हे फळ आधी बाजारातच भेटलं. प्रॉस्पेरो अल्पिनी या इटालियन वैद्यानं कैरोत ते पाहिलं आणि 1592मध्ये त्याचं वर्णन छापलं. झाड त्याच्या पाहण्यात नव्हतं. मिशेल अदांसाँ हा फ्रेंच तरुण 1749मध्ये सेनेगलला पोचला, तेव्हा कुठे त्या अवाढव्य खोडांचा नीट अभ्यास झाला. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं झाडाला त्याचंच नाव दिलं, अदांसोनिया. अदांसाँचा मात्र आग्रह होता की वनस्पतींना तिथल्या लोकांनी दिलेलीच नावं ठेवावीत. तो शेवटपर्यंत ‘बाओबाब’च म्हणत राहिला. मला तो इथेच आवडतो.

मांडवला ही झाडं कुणी आणली? खिलजी सुलतानांचं नाव गाइड ठणकावून सांगतात. 2015मध्ये प्रसिद्ध झालेला जनुकीय अभ्यास इतकंच म्हणतो, की भारतातली ही झाडं आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरल्या झाडांशी जुळतात आणि ती एका खेपेत आलेली नाहीत. प्रवासाला तर हे फळ तयारच असतं. कवच कठीण, गर कोरडा, बी वर्षानुवर्षं टिकणारी. मग ते आलं हबशी शिपायांच्या गाठोड्यातून की व्यापाऱ्यांच्या गलबतातून, तुम्हीच ठरवा.

त्या बिया मी उकळत्या पाण्यात टाकून रात्रभर ठेवल्या. साल इतकी टणक, की त्याशिवाय पाणी आत शिरत नाही. दोन उगवल्या. झाडाचं पूर्ण शास्त्रीय नाव अदांसोनिया डिजिटाटा, म्हणजे बोटांसारख्या पानांचं. पण रोपाची पहिली पानं साधी, अखंड असतात. आत्या रोज कुंडीपाशी येते, पान उलटंपालटं करून बघते आणि म्हणते, ‘अरे, ही मिरची तर नाही ना लावलीस?’